पाठीवरचा डबा, पाठीवरचा पंख

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि त्यात येडशी शोधा. धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात हे आमचं गाव. सोलापूरहून बीडकडे जाणारा आणि बार्शीहून लातूरकडे जाणारा असे दोन रस्ते इथं एकमेकांना भेटतात. गावाजवळच्या दरीत रामलिंगाचं देऊळ आहे. सीतामाईला सोडवण्यासाठी जटायू रावणाशी इथंच लढला, असं इकडचे लोक मानतात. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा कोसळतो, माकडं हातातला प्रसाद पळवतात आणि सगळी दरी हिरवीगार होते. उन्हाळ्यात मात्र त्याच जागी नुसते तापलेले दगड उरतात.

आता पट्टी घ्या आणि येडशीपासून पश्चिमेला समुद्र किती लांब आहे ते मोजा. सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास भरेल! आणि पाणी? २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला पिण्याचं पाणी घेऊन रेल्वेगाडी धावली, हे तुमच्या आईबाबांना आठवत असेल. ती गाडी आमच्या येडशीवरूनच जात होती. अशा कोरड्या मुलखातला एक शिक्षक आज तुम्हांला समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या पाणबुड्यांच्या सामानाची गोष्ट सांगणार आहे. गंमत वाटली ना? पण जरा थांबा. त्या सामानातली मुख्य वस्तू आपल्या गावाकडच्या विहिरीत फार पूर्वीपासून आहे.

आमच्याकडे पोहायला शिकायचं म्हणजे विहीर. ज्या वर्षी पाऊस बरा होतो, त्या वर्षी विहिरीत पाणी असतं आणि मे महिन्याच्या सुट्टीत पोरांची झुंबड उडते. नवशिक्याच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायची जुनी पद्धत. पुढं गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आला. आता प्लॅस्टिकचा कॅन असतो. दोरीनं तो कंबरेवर पाठीशी घट्ट आवळायचा आणि थोरल्या भावानं नाहीतर चुलत्यानं काठावरून द्यायचं ढकलून! डबा वर उचलून धरतो आणि पोरगं हातपाय मारायला शिकतं.

डबा वर का उचलतो? वस्तू पाण्यात शिरली, की ती आपल्यापुरती जागा करून घेते. तेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सरतं. त्या बाजूला सरलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढ्या जोरानं पाणी त्या वस्तूला वर ढकलतं. हा आर्किमिडीजचा नियम. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचं आकारमान साधारण सोळा लिटर असतं. सोळा लिटर पाण्याचं वजन सोळा किलो. डब्याचं स्वतःचं किलोभर वजन वजा केलं, तर उरते पंधरा किलोची उचल! आपलं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं पाण्याबाहेर ठेवण्यापुरता चार-पाच किलोचा आधार मिळाला तरी पुष्कळ होतो.

हा आकडा लक्षात ठेवा : पंधरा किलो. तो आपल्याला पुढं समुद्रात पुन्हा भेटणार आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सातवीत शिकणारा माझा पुतण्या मालवणला गेलो. येडशीहून तुळजापूर, सोलापूर, मग सांगोला, मिरज करत कोल्हापूर. तिथून गगनबावडा आणि करूळ घाट उतरून कोकण. साडेचारशे किलोमीटरहून जास्त प्रवास झाला. घाट उतरताच आपली काळी माती संपते आणि तांबडी माती, जांभा दगड आणि नारळ-पोफळी सुरू होतात. कणकवली, कसाल मागं पडलं आणि संध्याकाळी मालवणच्या बंदरातून समोर सिंधुदुर्ग दिसला.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारही बाजूंना खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! त्यांची नावंही किती गोड आहेत पाहा : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडं डोंगरात खणून पाणी लागंना आणि हितं समुद्रात गोडं पाणी?"

किल्ल्याभोवतीच्या समुद्रात खडक आहेत, प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. १९८७ साली हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. इथलं पाण्याखालचं जग पाहायला देशभरातून लोक येतात. जवळच्याच तारकर्ली गावात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. स्कूबा म्हणजे श्वासासाठी लागणारी हवा टाकीत भरून स्वतःबरोबर पाण्याखाली न्यायची. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो हे नौदलातले अधिकारी आणि एमील गान्यां हे अभियंते यांनी मिळून यासाठीचं एक सुटसुटीत उपकरण तयार केलं. त्यानंतर हा छंद जगभर पसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर एक प्रशिक्षक दादा आपलं सामान जुळवत बसले होते. नवशिक्या पर्यटकांना बहुधा जाकिटासारखी वस्तू घालायला देतात. या दादांचं सामान वेगळंच होतं. पाठीच्या आकाराची, मधे खोलगट वळवलेली एक चकचकीत धातूची पाटी. तिला जाड पट्टे ओवलेले. आणि पाटीच्या मागं रबरी ट्यूबसारखी एक चपटी पिशवी. पुतण्यानं निरखून पाहिलं आणि तो ओरडलाच, "काका, ह्यो तर पाठीवरचा डबाच की!"

दादा हसले. म्हणाले, "बरोबर ओळखलंस. पण तुझ्या डब्यात आणि ह्याच्यात एक फरक आसा. तुझो डबो तुका फक्त वर धरता. माका खाली पण जावचा आसता!"

त्या पाटीला बॅकप्लेट म्हणतात आणि पिशवीला विंग, म्हणजे पंख. विंगमध्ये टाकीतली थोडी हवा सोडली, की ती फुगते आणि पाणबुड्या वर उचलला जातो. हवा बाहेर सोडली, की तो खाली जातो. बेताची हवा ठेवली, तर तो वरही जात नाही आणि खालीही जात नाही, माशासारखा जागच्या जागी तरंगत राहतो. असं तरंगता येणं फार महत्त्वाचं. ज्याला ते जमत नाही त्याचे पाय तळाला लागतात, आणि कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका लाथेत मोडतं.

ही रचना मुळात गुहांसाठी तयार झाली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जमिनीखाली पाण्यानं भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. त्यांच्या तळाशी बारीक गाळ असतो. पायाचा धक्का लागला, की गाळ उठतो आणि काही दिसेनासं होतं. बाहेर पडायची वाट सापडली नाही, तर जीवच जायचा. म्हणून तिथल्या पाणबुड्यांना गुहेत अगदी आडवं राहून पोहायचं होतं. १९७९ च्या सुमारास त्यांनी पाठीवर धातूची पाटी आणि तिच्यामागं हवेची पिशवी अशी जोडणी करून पाहिली. हवा पाठीवर आणि वजनही पाठीवर, त्यामुळं शरीर आपोआप आडवं राहू लागलं.

मी दादांना विचारलं, "ह्यातलं कुठलं घ्यायचं, हे कसं ठरवतात?" ते म्हणाले, "गुरुजी, गणित करून!" मग काय, वाळूवर काडीनं आकडे लिहायला सुरुवात झाली. तुम्हीही वही घ्या.

आधी पाटी. ती मुख्यतः दोन धातूंची मिळते. नेहमीच्या जाडीची स्टीलची पाटी साधारण २.७ किलोची असते आणि अॅल्युमिनियमची ०.९ किलोची. पण हे जमिनीवरचं वजन झालं. पाणी प्रत्येक वस्तूला थोडं उचलतंच. स्टील पाण्याच्या जवळजवळ आठपट जड. म्हणून पाण्यात त्याचं वजन आठव्या हिश्शानं कमी होतं आणि सुमारे २.४ किलो उरतं. अॅल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. त्याचं वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतं आणि अर्ध्या किलोच्या थोडं वर उरतं.

मग जड घ्यायची की हलकी? त्यासाठी टाकीकडे पाहायला हवं. अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या टाकीत अकरा लिटरच्या जागेत हवा दोनशेपट दाबून भरतात. म्हणजे झाली सुमारे २२०० लिटर हवा. एक लिटर हवेचं वजन असतं साधारण १.२ ग्रॅम. करा गुणाकार! २२०० गुणिले १.२, म्हणजे २६४० ग्रॅम. अडीच किलोपेक्षा जास्त नुसती हवा! ती श्वासातून संपत जाते, तशी टाकी हलकी होत जाते. सुरुवातीला खाली ओढणारी टाकी शेवटी दीड-दोन किलोंच्या जोरानं वर उठू पाहते. आणि स्टीलची पाटी पाण्यात २.४ किलोंनी खाली ओढते. झाली की नाही फिट्टंफाट! पाटी जड असली, तर कंबरेला शिशाची वजनं तेवढी कमी बांधावी लागतात.

पण स्टील नेहमीच चांगलं असं समजू नका. कोमट पाण्यात अगदी पातळ कपड्यांवर उतरणाऱ्या बारीक अंगाच्या माणसाला, त्यातून टाकीही स्टीलची असेल तर, हे ओझं जास्त होतं. कंबरेचं शिसं संकटात सोडून देता येतं. पाठीवरची पाटी कशी सोडणार? अशा माणसाला अॅल्युमिनियम बरं. विमानानं लांब जाणारेही सामानाचं वजन वाचवण्यासाठी तीच पसंत करतात.

आता विंग. विंग किती किलो उचलते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आपल्याला किती हवी? पहिला आकडा हवेच्या वजनाचा : अडीच-पावणेतीन किलो. दुसरा आकडा पोशाखाचा. पाणबुड्यांच्या रबरी पोशाखात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यामुळं तो तरंगतो. पण खोल गेलं, की पाण्याच्या दाबानं ते बुडबुडे आक्रसतात आणि पोशाखाची तरंगण्याची ताकद कमी होते. पातळ पोशाख असेल, तर हा तोटा दोन-तीन किलोंचा धरायचा. दोन्ही मिळून झाले पाच-सहा किलो. तिसरी गोष्ट अशी : पाणबुड्यानं सगळं सामान पाण्यात अंगावरून काढलं, तरी भरलेली टाकी, पाटी, नळ्या आणि त्यांना जोडलेलं शिसं हे एकट्या विंगनं तरंगवलं पाहिजे. त्यालाही चार-सहा किलो लागतात. शिवाय लाटांमध्ये डोकं वर राहायला थोडी शिल्लक हवीच. म्हणून एका टाकीसाठी साधारण अकरा ते पंधरा किलो उचलणारी विंग घेतात. दोन टाक्या पाठीवर घेणाऱ्यांना मात्र अठरा ते सत्तावीस किलोंची लागते.

पंधरा किलो! आठवला का आपला तेलाचा डबा? विहिरीतल्या पोराच्या पाठीवर आणि समुद्रातल्या पाणबुड्याच्या पाठीवर जवळजवळ तेवढीच उचल!

पुतण्यानं लगेच विचारलं, "मग सगळ्यांत मोठी विंग घेतली तर? जास्त सुरक्षित नाही का?"

दादांनी मान हलवली. "मोठी विंग एका टाकीवर सैल पडते. टाकीच्या दोन्ही बाजूंना दुमडते आणि तिच्या कोपऱ्यांत हवा अडकते. सोडायची म्हटली तरी सुटत नाही. आणि हवा भरायचं बटण अडकून बसलं, तर मोठी विंग तुला बाणासारखी वर नेईल."

वर जाणं तर चांगलंच, असं तुम्हांला वाटेल. इथंच खरा धोका आहे. दहा मीटर खोलीवर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी खोल विहिरीच्या तळाशी, दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं विंगमध्ये चार लिटर हवा असेल, तर वर येईपर्यंत तीच हवा आठ लिटर होते. विंग जास्त फुगते, माणूस अधिक जोरात वर येतो, मग ती आणखी फुगते. विंग टिकेल, पण माणसाची फुप्फुसं? पाण्याखाली टाकीतली हवा घेऊन कुणी श्वास रोखून धरला आणि तसाच वर आला, तर फुप्फुसातली हवाही अशीच फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. आणि दुसरा : सावकाश वर यायचं. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

पट्ट्यांचंही एक शास्त्र आहे. पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच लांब पट्टा पाटीच्या खाचांमधून ओवून खांदे आणि कंबर बांधतात. एक पट्टा लंगोटासारखा पायांमधून पुढं येतो, त्यामुळं पाटी वर सरकून मानेला लागत नाही. दप्तराचे पट्टे जसे तुम्ही आपल्या मापाचे करता, तसेच हे करायचे. फार आवळले तर श्वास अडतो, फार ढिले ठेवले तर टाकी पाठीवर डुलते. आणखी एक सोय पाहा. पाटीवरच्या दोन मुख्य भोकांमधलं अंतर ११ इंच ठेवायची पद्धत जगभर रूढ झाली आहे. त्यामुळं एकाची पाटी दुसऱ्याच्या विंगला बसते.

निघताना दादांनी जे सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं आहे. विंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. लाइफ जॅकेटची हवा किंवा फोम छातीकडे जास्त असतो, म्हणून चांगलं जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड आकाशाकडे ठेवू पाहतं. विंगची हवा पाठीवर असते. पाण्यावर आल्यावर ती फार फुगवली, तर माणूस पुढं, तोंडावर कलतो. शुद्धीवर असलेला आणि शिकलेला माणूस मागं रेलून तोल सांभाळतो. न शिकलेल्याला तीच विंग धोक्याची.

आणि बालमित्रांनो, आपला विहिरीतला डबाही पाठीवरच असतो! तोही तोंडावर पाडतो. म्हणून तर काठावर पोहणारं मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असं घरचे बजावतात. दोरी सुटली, कॅनचं झाकण ढिलं झालं, तर डबा कुणाला वाचवत नाही. डबा मदत करतो, वाचवतं ते पोहणं आणि सोबतचं माणूस.

सुट्टी संपल्यावर हे सगळं गणित मी आमच्या चौथीच्या वर्गात फळ्यावर मांडलं. मुलांनी लगेच एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. प्लॅस्टिकची पारदर्शक बाटली काठोकाठ पाण्यानं भरा. पेनाचं भोक नसलेलं टोपण घ्या. त्याच्या उघड्या तोंडाच्या कडेला मळलेल्या कणकेचा किंवा चिकणमातीचा छोटा गोळा असा लावा, की टोपणाचं तोंड उघडं राहील, आत थोडी हवा राहील आणि ते उभं, जेमतेम तरंगेल. आधी पेल्यातल्या पाण्यात तपासून पाहा. मग ते उघडं तोंड खाली करून बाटलीत सोडा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावा. आता बाटली दाबा. टोपणातली हवा आक्रसते आणि टोपण बुडी मारतं! हात सैल सोडा, ते वर येतं. बेतानं दाबून त्याला मधेच थांबवता येतं का ते पाहा. जमलं, तर समजा पाणबुड्यांची विद्या तुम्हांला कळली.

आणि एक काम आईबाबांसोबत करायचं आहे. आमच्या भागात आता जागोजागी शेततळी झाली आहेत. त्यांना आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. तो ओला झाला, की शेवाळानं इतका निसरडा होतो, की पोहता येणाऱ्यालाही काठ चढून येता येत नाही. तुमच्या शेतात असं तळं असेल, तर झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन घ्या आणि त्याला लांब, मजबूत दोरी बांधा. दोरीचं दुसरं टोक काठावरच्या खुंटाला पक्कं बांधून कॅन तिथंच ठेवून द्या. कुणी पाण्यात पडलं, तर आपण उडी मारायची नाही. कॅन त्याच्याकडं फेकायचा, मोठ्यानं ओरडून माणसं गोळा करायची आणि सगळ्यांनी मिळून दोरी ओढायची. पाच लिटर म्हणजे जवळजवळ पाच किलोची उचल. एका माणसाचं डोकं पाण्यावर राहायला तेवढी पुरते, हे गणित तर तुम्ही आताच केलं आहे.